तो वेल की ती वेल

सप्टेंबरातल्या एका रविवारी सुहासिनी शेजवळ कपडे वाळत घालायला मागच्या बागेत गेल्या आणि ओला टॉवेल खांद्यावर टाकून कुंपणापाशी तशाच उभ्या राहिल्या. मागच्या बोळाकडे झुकलेल्या किवीच्या फांदीवर द्राक्षाएवढी हिरवी फळं लटकत होती.

"अहो, बाहेर या!" त्यांनी हाक मारली. "चष्मा घेऊन या."

भीमराव चहाच्या मगसकट आले. दोघांनी फळं मोजली. अकरा भरली, आणि सगळी त्या एकाच टोकाला. बाकी वीस फूट मांडवावर पानांखेरीज काही नव्हतं.

"ही कुठून आली?" भीमरावांनी विचारलं.

"मला काय विचारता? मीही तुमच्याबरोबरच बघतेय."

त्यांचा गोंधळ उडायला कारण होतं. सात वर्षांपूर्वी विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या जेवणाला त्यांच्या ओळखीच्या रचनाताईंनी आपल्या बागेतली डबाभर किवी आणली होती. दुकानातली तपकिरी, केसाळ नव्हे. ही गुळगुळीत, सालासकट तोंडात टाकायची, थंडी सोसणारी जात. सुहासिनीबाईंनी एक खाल्लं, मग चार खाल्ली, आणि त्याच आठवड्यात गार्डन सेंटरमधून दोन रोपं आणली. एक नर आणि एक मादी लागते, हे रचनाताईंनी बजावलं होतं, आणि रोपांना तशी लेबलंही होती. भीमराव बस चालवायच्या नोकरीतून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या चिंचोळ्या बागेत खांब रोवले, तारा ओढल्या, आणि दोन्ही वेली दोन टोकांना लावल्या.

चार वर्षं नुसती पानं आली. पाचव्या जूनमध्ये दोन्ही वेलींवर फुलं आली, पांढरी, किंचित सुवासाची. फळ एकही धरलं नाही. सहाव्या वर्षी भीमरावांनी रंगाचा ब्रश घेऊन एका वेलीच्या फुलांवरून दुसरीच्या फुलांवर फिरवला. तरी काही नाही. पुढच्या जूनमध्ये त्यांनी ब्रशला हातही लावला नाही. आणि नेमकी आता ही अकरा!

दुपारी एजवेअरहून ईशिता आली. ती त्यांची मुलगी, फार्मसिस्ट, इथेच जन्मलेली. तिने फांदी बघितली आणि विचारलं, "आई, तो वेल की ती वेल? मी नेहमी कन्फ्यूज होते."

"ती वेल," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"तो वेल," भीमराव म्हणाले. "आमच्याकडे तोच म्हणतात."

"नो, आय मीन, यातला मेल कुठला आहे?"

दोघांनी दोन वेगळ्या वेलींकडे बोट दाखवलं. लेबलं कधीच पुसट होऊन गळून पडली होती. सुहासिनीबाईंना आठवत होतं की नर शेडजवळ लावला. भीमरावांना खात्री होती की शेडजवळ मादी लावली, कारण तिथे ऊन जास्त.

ईशिताने आईच्या फोनवरचे जूनमधले फोटो काढले. दोन्ही वेलींच्या फुलांचे होते. तिने ते मोठे केले, स्वतःच्या फोनवर काहीतरी वाचलं, पुन्हा फोटो बघितले.

"मधोमध हा व्हाइट स्टार दिसतो ना? तो फीमेलला असतो. मेलला नसतो. इथे दोन्ही फुलांमध्ये आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही फीमेल आहेत, आई. एक लेबल राँग होतं."

"पण कडेने ते काळे परागकोश आहेत की," भीमराव म्हणाले. "मी ब्रश त्यावरूनच फिरवला."

"ते फक्त दिसायला. त्यातला पोलन काम नाही करत. बाबा, तुम्ही एका बाईचा पोलन दुसऱ्या बाईला दिला."

सुहासिनीबाईंना हसू आलं, पण मागोमाग वाईटही वाटलं. सात वर्षं पाणी घातलं, छाटणी केली, एप्रिलच्या गोठवणाऱ्या दहिवरात जुन्या चादरी पांघरल्या, ते सगळं अशा जोडीसाठी, जिला फळ धरणं शक्यच नव्हतं.

"मग ही अकरा?" त्या म्हणाल्या.

"जवळ कुठेतरी मेल असणार. एखादी बी, आय मीन मधमाशी, पोलन घेऊन आली असेल."

"जवळ असेल तर इतकी वर्षं तो काय करत होता?" भीमरावांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको मागच्या बोळात निघाले. कचऱ्याचे बिन आणि गॅरेजची दारं यांच्यामधून मान उंचावत ते लोकांच्या कुंपणांवरून डोकावत होते. एका बाईने खिडकीतून विचारलं, काही हरवलंय का? सुहासिनीबाई "नर शोधतोय" असं इंग्रजीत सांगणार होत्या, पण वेळीच थांबल्या आणि मांजर म्हणाल्या. सहाव्या गॅरेजच्या छपरावर त्यांना ती पानं दिसली, तशीच लाल देठांची. वेल छपरावरून सरपटत थेट बोळापर्यंत आली होती आणि जाता जाता एक पन्हळ उचकटून ठेवली होती.

ते घर पलीकडच्या रस्त्यावर होतं. वळसा घालून दोघं दाराशी गेले. काठी टेकत एक उंच, वाकलेला आयरिश म्हातारा बाहेर आला. त्याचं नाव डोहर्टी.

"तुम्ही घर बघायला आलात? एजंट तर बुधवारी म्हणाला होता."

"नाही, आम्ही तुमची वेल बघायला आलोय," सुहासिनीबाई म्हणाल्या.

डोहर्टींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा भीमरावांकडे बघितलं. "पन्हळीची तक्रार असेल तर तो माणूस गुरुवारी येतोय. मुळापासून उपटून टाकणार आहे."

"नको!" भीमराव इतक्या जोरात म्हणाले की दोघंही दचकले.

मग स्वयंपाकघरात बसून गोष्ट उलगडत गेली, पण सरळ नाही. डोहर्टींना वाटलं, ही माणसं आपल्या झाडाची फळं तोडल्याची कबुली द्यायला आली आहेत. भीमरावांना वाटलं, म्हातारा फळांवर हक्क सांगतोय. शेवटी सुहासिनीबाईंनी पिशवीतून तीन किवी काढून टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सांगितलं.

"माझ्या बायकोने लावलेली," डोहर्टी म्हणाले. "मॉरीन. फळं येतील म्हणायची. ती गेल्यावरही मी सहा वर्षं वाट बघितली. फळ नाही म्हणून, ती असतानाही, दर जानेवारीत रागाने पार बुंध्यापर्यंत कापायचो. फक्त गेल्या हिवाळ्यात कापली नाही. कंबरेचं ऑपरेशन होतं, हॉस्पिटलमध्ये पडून होतो."

सुहासिनीबाईंनी ओठ चावला. रचनाताईंनी छाटणी शिकवताना सांगितलेलं त्यांना ठाऊक होतं: फूल येतं ते गेल्या वर्षीच्या काडीतून फुटलेल्या कोवळ्या फांदीवर. बुंध्यापर्यंत कापली की त्या वर्षी फूल नाही. हे या माणसाला कसं सांगायचं ते त्यांना कळेना. भीमरावांनी सांगून टाकलं.

डोहर्टींनी काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"म्हणजे मी कापली नसती तर मॉरीनला फळं मिळाली असती?"

"नाही," सुहासिनीबाई घाईने म्हणाल्या. "तुमची वेल नर असणार. नराला फळं येतच नाहीत. तुमच्याकडे आली नसती."

"मग तुमच्याकडे आली असती?"

"हो."

"म्हणजे इतकी वर्षं तुमची फळं मी कापत होतो?"

सुहासिनीबाईंनी टेबलावरची किवी त्यांच्यापुढे सरकवली. डोहर्टींनी एक किवी सालासकट तोंडात टाकलं. चघळता चघळता त्यांचे डोळे भरून आले. भीमराव उठून नळाकडे गेले आणि गरज नसताना पेला विसळू लागले.

"गोड आहे," डोहर्टी म्हणाले. मग त्यांनी फोन करून गुरुवारचा माणूस नको म्हणून सांगितलं. "पण घर विकतोय. फेब्रुवारीत मी फेल्टमच्या फ्लॅटमध्ये जाणार. नवा मालक काय करेल, देव जाणे. तुम्हीच घेऊन जा."

पानं गळेपर्यंत थांबायचं ठरलं. डिसेंबरात शेजवळ दांपत्य फावडं घेऊन गेलं, तेव्हा नवाच पेच समोर आला. जमिनीतून दोन बुंधे निघाले होते, एकमेकांना दोरीसारखे पिळलेले.

"दोन आहेत?" भीमराव म्हणाले.

"मॉरीनने दोनच लावली होती," डोहर्टी म्हणाले. "एक मेलं असं मला वाटत होतं."

"कुठलं?"

"तेच तर आठवत नाही."

पानाफुलांवाचून दोन्ही काड्या सारख्याच दिसत होत्या. नखाने खरवडल्यावर दोन्ही आतून हिरव्या निघाल्या. म्हणजे मेलं कोणीच नव्हतं. मग दुसरी नर की मादी? मादी असेल तर या वर्षी तिला फळं का नाहीत? ती फुललीच नसेल का? सुहासिनीबाईंना सप्टेंबरात जे समजलं असं वाटत होतं, तेही आता समजेनासं झालं. डोहर्टी खुर्ची टाकून बसले आणि तिघांनी अर्धा तास वाद घातला. अखेर दोन्ही खणून काढली. मुळं तुटली, फावड्याचा दांडा तुटला. दुपारी सुहासिनीबाईंनी तिघांसाठी पिठलं-भात केला. डोहर्टींनी मिरचीने लाल होत दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

बुंधे शेजवळांच्या मांडवाच्या मध्यावर लावले. आठवडाभरात गल्लीतली मांजरं येऊन त्या मुळांशी लोळू लागली, साल कुरतडू लागली. या वेलीचा वास मांजरांना वेड लावतो, हे ईशिताने वाचून सांगितलं. भीमरावांनी भोवती खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी ठोकली. मार्चअखेर दोन्ही काड्यांवर कोंब आले. एप्रिलच्या एका पहाटे दहिवर पडलं आणि सगळे कोंब चहाच्या चोथ्यासारखे काळे झाले. सुहासिनीबाईंनी दोन दिवस बागेकडे पाठ केली.

मे महिन्यात एका बुंध्याला खालून पुन्हा फुटवा आला. दुसऱ्याची काडी हातात कटकन मोडली.

त्यांनी डोहर्टींना फोन लावला. आता ते फेल्टमला राहत होते.

"एक जगलं," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

"नाही माहीत. या वर्षी फूलही येणार नाही. पुढच्या वर्षी आलं तर कळेल. आणि नर नसला तर आमच्याकडे तीन बायका आहेत असं समजायचं."

पलीकडून नुसती घरघर ऐकू आली, आणि त्यांना वाटलं फोन कट होतोय. मग लक्षात आलं की म्हातारा हसतोय, खोकत खोकत, श्वास लागेपर्यंत. त्यांनाही हसू फुटलं. भीमराव दारातून विचारत राहिले, "काय झालं? जगलेला नर आहे का? काय म्हणतोय तो?" आणि त्यांना हाताने थांबायची खूण करण्यापलीकडे सुहासिनीबाईंना काही सांगता येईना.