चार वेळा सुटलो, एकदा लिहिला गेलो

खरं सांगा, बसल्या जागेवरून उठताना तुम्ही भरवसा कुणावर ठेवता? हसू नका. "पायांवर, आणखी कुणावर!" असंच म्हणाल. पाय हा किती इमानी गडी होता, हे तो रुसल्यावरच कळतं. एका सकाळी डोळे उघडावेत आणि अर्ध्या अंगाने आपलं ऐकूच नये, असं ज्यांचं झालं, त्यांनी भरवसा माझ्यावर ठेवला. मी एक पट्टा बोलतोय. पँट सावरणारा नव्हे, माणूस सावरणारा.

चार बोटं रुंद, जाड कॅनव्हासचा, तोंडाशी लोखंडी बकल आणि बकलाच्या आत बारीक दात. रोग्याच्या कमरेला मला गुंडाळायचं, टोक दातांतून ओवायचं, ओढून घट्ट करायचं. मग उठवणाऱ्याने मला दोन्ही हातांनी धरायचं. रोग्याला हाताने किंवा खांद्याने कधी ओढायचं नाही. खांदा निखळतो, मी निखळत नाही. निदान निखळू नये, अशी अपेक्षा.

माझं बालपण दवाखान्याचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलं, म्हणून बोलण्याला अजून गल्ल्याचा वास येतो, तेवढं सांभाळून घ्या. आमचे मालक कमी शिकलेले, पण मालाची पारख पक्की. नवा पट्टा आला की स्वतःच्या कमरेला बांधायचे आणि बायकोला म्हणायचे, "ओढ."

"चाळीस वर्षं तेच करतेय," त्या म्हणायच्या, आणि अशा ओढायच्या की मालक काउंटरवर आडवे!

गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "माल मुका असतो साहेब. त्याची खोड त्याला सांगता येत नाही. तुम्हाला दिसली तर बोला, लाजू नका." तेव्हा मला ते नुसतं दुकानदारी बोलणं वाटलं होतं.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात आलो. पक्षाघात झालेले, मांडीचं हाड मोडलेले, मणक्याचं ऑपरेशन झालेले असे लोक तिथे महिना महिना मुक्कामाला असत. बसायचं कसं, उठायचं कसं, चमचा तोंडापर्यंत न्यायचा कसा, हे सगळं पहिल्यापासून शिकत. मोठमोठी माणसं एक पाऊल टाकलं की लहान मुलासारखी आजूबाजूला बघायची, कुणी पाहिलं का म्हणून. पाच वर्षं मी त्या कमरांना मिठी मारून होतो.

आता माझी खोड सांगतो. पाच वर्षांत माझे दात झिजले. सावकाश ओढलं तर मी पकडून ठेवायचो, पण एकदम झटका बसला की कॅनव्हास दातांतून सर्रकन सरकायचा. पहिल्यांदा सरकलो तेव्हा संध्याकाळच्या ड्यूटीच्या सिस्टरने रोग्याला पलंगावर कसंबसं टेकवलं आणि पुटपुटली, "माझ्याच हाताला घाम होता." दुसऱ्यांदा एका वॉर्डबॉयच्या हातात सरकलो. त्याला वाटलं, टोक आपण नीट ओवलं नाही. तिसऱ्यांदा मावशींच्या हातात. मावशी म्हणजे वॉर्डातल्या सर्वांत जुन्या मदतनीस, वीस वर्षं रोगी उचलून कंबर त्यांचीच गेलेली. त्यांचा रोगी पलंगावर धपकन बसला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चादर सारखी केली. तिघांनाही वाटलं, चूक आपली. आणि आपली चूक कोण लिहितो?

मी मात्र त्या दिवसापासून घाबरून असायचो. चौथ्यांदा कोण असेल?

नवी सिस्टर आली ती अशा वेळी. नुकती पास झालेली. बूट इतके पांढरे की त्यांचीही तिला लाज वाटायची. तीन महिने परीक्षेचे, मग ठेवायचं की नाही ते मोठ्या सिस्टर ठरवणार, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. कॉलेजच्या परीक्षेत तिने रबराचा बाहुला अगदी बिनचूक उठवला होता. पण रबराचा बाहुला अंगावर रेलत नाही, "पडलो, पडलो!" म्हणून ओरडत नाही, आणि त्याची बायको दारात उभी राहून बघत नाही.

रोज ड्यूटीच्या आधी ती चादरींच्या खोलीत जायची आणि मला स्वतःच्याच कमरेला बांधून पाहायची. ओठ हलत असायचे: "ब्रेक. पाय. पट्टा. दोन बोटं जागा. मग एक, दोन, तीन." तिच्या तळहाताचा घाम माझ्या विणीत उतरायचा. भीती खारट असते, हे मला तिच्यामुळे कळलं. तिथेच एकदा तिच्या आईचा फोन आला. "हो गं आई, छान चाललंय. सगळे माझं कौतुक करतात," असं ती सांगत होती, आणि दुसऱ्या हाताने मला असं पिळत होती की जणू मी ओला पंचा.

तिच्याकडे एक रोगी होते, ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवलेली, देह बसलाच शोभेल असा. डावं अंग गेलेलं. डावीकडे जग आहे याचाच त्यांना विसर पडायचा, ताटातलं डावं अर्धं तसंच राहायचं. जीभ मात्र दोन्ही बाजूंनी चालायची.

"सिस्टरबाई, लायसन मिळालंय ना? का शिकाऊ पाटी लावून गाडी चालवताय?"

"मिळालंय, काका. आधी नाक पुढे घ्या. नाक पायांच्या बोटांच्या पुढे गेलं की उठायला सोपं जातं."

"आमच्या घराण्यात नाक आधीच पुढे असतं."

ती हसायची, पण हात गार ते गारच.

काकांना एकच ध्यास होता, शनिवार. एका माणसाच्या मदतीने सुरक्षित उठता आलं, तर शनिवार-रविवार दोन दिवस घरी जाऊन यायची परवानगी मिळणार होती. काकूंनी न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली होती. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत, आणि शनिवारचा रकाना उजवीकडे असल्यामुळे तो त्यांना नेमका दिसायचा.

गुरुवार, सकाळचे साडेसात. व्हीलचेअर काकांच्या उजव्या अंगाला, दोन्ही ब्रेक लावलेले. तिने दोनदा तपासले, मी पाहिलंय. मला बांधलं. मी आतून ओरडत होतो: झटका देऊ नका हो! पण माल मुका असतो.

"एक, दोन..."

काका दोनलाच उठले! शनिवारची घाई. डावा गुडघा दुमडला, सगळा भार एकदम माझ्यावर आला आणि माझे दात सुटले.

त्या पोरीने काय केलं, ते सांगताना अजून माझी वीण ताठ होते. ती मागे सरकली नाही. आपली मांडी पुढे घातली, काकांना छातीशी धरलं आणि घसरगुंडीवरून सोडावं तसं मांडीवरून हळूहळू जमिनीवर उतरवलं. डोकं आपटू दिलं नाही. मग दोघंही फरशीवर.

मावशी धावत आल्या. "लागलं का कुठे?"

"उठवू नका! आधी तपासू दे," ती म्हणाली. डोकं, खुबा, मनगट पाहिलं. रक्तदाब घेतला. खरचटलंसुद्धा नव्हतं. वॉर्डबॉयला बोलावून तिघांनी मिळून काकांना खुर्चीत बसवलं, मग डॉक्टर येऊन बघून गेले.

डॉक्टर गेल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "त्यांना काय सांगितलंस?"

"खुर्चीत बसवताना पाय लटपटला, एवढंच. पण जमिनीवर टेकले म्हणजे नोंद करावी लागते ना, मावशी?"

वॉर्डाचा नियमच तसा होता. अलगद उतरवलं तरी, अंग जमिनीला लागलं की पडल्याची नोंद करायची.

"अगं बाई, लागलं नाही, मोडलं नाही. अजून महिना आहे तुझ्या परीक्षेचा. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. मी तर काही पाहिलंच नाही."

काकांनी तिचा हात उजव्या हाताने घट्ट धरला. त्यांच्या आवाजात आता गंमत नव्हती. "पोरी, लिहू नकोस. लिहिलंस तर माझा शनिवार गेला. घरी दांडी बसवलीय गं."

ती नोंदवही उघडून बसली. मी तिच्या मांडीवर होतो. किती वेळ पेन टेकलंच नाही. मला वाटत होतं, नको लिहूस, माझीही चोरी उघडी पडेल. आणि लगेच वाटत होतं, लिही बाई, पाचवा माणूस आपटायच्या आत लिही. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर टपकलं आणि तिने लिहायला घेतलं. सगळं लिहिलं. शेवटी हेही लिहिलं: "पट्टा बांधल्यावर मी ओढून पाहिला होता का, हे मला नक्की आठवत नाही."

बघा, स्वतःच्या विरुद्धची ओळसुद्धा गाळली नाही.

मोठ्या सिस्टरनी ते दोनदा वाचलं. चेहऱ्यावर काही नाही. "पट्टा आण." त्यांनी मला पलंगाच्या दांडीला बांधलं आणि ओढलं. मी पकडून राहिलो. पुन्हा ओढलं. पुन्हा पकडलं. त्यांनी पोरीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या मजबुतीची शरम वाटली.

"पट्टा तर चांगला आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली. "म्हणजे माझंच... पण काका एकदम उठले होते. भार सावकाश नव्हता आला. झटका बसला होता."

मोठ्या सिस्टरनी पाय रोवले आणि हिसका दिला. मी चार बोटं सरकलो.

तेवढ्यात दारातून मावशींचा आवाज आला. "बाई, मागच्या महिन्यात... माझ्याही हातून सुटला होता. मला वाटलं, माझीच कंबर ढिली पडली."

संध्याकाळपर्यंत उरलेले दोघेही येऊन सांगून गेले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "चार वेळा सुटला आणि वहीत एकदा." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सगळ्यांचे चेहरे सांगत होते.

काकांचा शनिवार गेलाच. आठ दिवस पुढे ढकलला. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, ती उजवीकडे उभी असली तरी जणू डावीकडेच आहे, असं वागले. तिसऱ्या दिवशी नव्या पट्ट्याने ती त्यांना उठवत असताना म्हणाले, "आमच्या डेपोतही वही असायची. गाडी परत लावताना बिघाड लिहायचा. एकदा ब्रेक जरा खोल लागत होता. मला घरी जायची घाई होती. नाही लिहिलं."

"मग?"

"सकाळी ती गाडी दुसऱ्याने काढली." एवढंच बोलून ते थांबले. मग म्हणाले, "ओढून पाहिलास का पट्टा?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा पाहा. आणि तीन म्हण, मगच उठतो."

पुढच्या शनिवारी ते घरी गेले.

मला मोठ्या सिस्टरनी कात्रीने मधोमध कापलं, चुकून कुणी वापरू नये म्हणून. हल्ली माझा बकलाकडचा अर्धा भाग, कापलेलं टोक दातांत ओवून, नव्यांना शिकवण्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. त्या पोरीला कायम केलं. भीती गेली म्हणाल, तर नाही. हात अजूनही गार असतात. परवा तिने एका नवीन मुलीला माझ्यासमोर आणलं. मुलीचे बूट पांढरेशुभ्र. आमच्या सिस्टरने माझं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ओढ. सावकाश नको, झटक्याने."

मी सरकलो. मुलगी दचकली.

तुमच्याकडेही कुठली ना कुठली वही असेलच. औषधांची, यंत्राची, गाडीची, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची. माझं एवढं ऐका, तिच्यातला हिशोब खरा ठेवा, आणि ज्या दिवशी लिहिताना हात थरथरेल त्या दिवसाची ओळ तर मुळीच गाळू नका. कुणीतरी दोनलाच उठणार आहे.