आवाजाचं फोल्डर

त्र्यंबकरावांची वेबसाइट ज्या सर्व्हरवर होती तो बंद होतोय, हे हेमांगीला कळलं तेव्हा वेळ जवळजवळ संपलीच होती. होस्टिंग कंपनी गाशा गुंडाळत होती आणि तशा सूचना कितीतरी आठवडे त्र्यंबकरावांच्या ईमेलवर येऊन पडत होत्या. ते उन्हाळ्यात गेले. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये आता प्रमोदिनीकाकू एकट्याच राहत होत्या आणि नवऱ्याचं ईमेल उघडणं त्यांना जमत नव्हतं. साइट उघडायला फार वेळ लावते, एवढंच सांगायला त्यांनी फोन केला. हेमांगीने डोंबिवलीत आपल्या टेबलाशी बसून साइटच्या खात्यात शिरून पाहिलं, तर ती सूचना. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

साइट तिनेच बनवून दिलेली. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्र्यंबकराव खाडीकाठच्या गावांमधून फिरायचे, मिठागरांवर आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे, ते रेकॉर्ड करायचे आणि घरी येऊन शब्द न् शब्द लिहून काढायचे. लेख, फोटो, आवाज, सगळं साइटवर. एकदा तिथे चढलं की निर्धास्त, म्हणून पुढच्या फेरीआधी ते रेकॉर्डर पुसून रिकामा करत.

हेमांगीने नेहमीचं बॅकअप प्लगइन लावलं. ते आख्ख्या साइटचं एक गाठोडं बांधतं. गाठोडं उतरवून घ्यायचं आणि नव्या सर्व्हरवर सोडायचं. तिने कितीतरी साइट अशा हलवल्या होत्या. पण जुना सर्व्हर धापा टाकत होता. बॅकअप अर्ध्यावर जाऊन अडके, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागे. आवाजाच्या फाइली फार जड होत्या. शेवटी तिने आवाजाचं फोल्डर वगळलं, तेव्हा बाकीचं सगळं उतरलं. मग ती आवाजाकडे वळली, तर इतक्या खटपटींना कंटाळल्यासारखं सर्व्हरने तिलाच बाहेर काढलं. काही तासांनी प्रयत्न करा.

"काकू, लेख आणि फोटो आलेत," तिने फोनवर सांगितलं. "आवाज उद्या सकाळी घेते."

"घेशील ना नक्की?"

"हो काकू."

सकाळी सर्व्हर नव्हताच. कंपनीने मुदतीची वाट पाहिली नाही. त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. हेमांगीने दुपारपर्यंत सगळे मार्ग करून पाहिले, मग साइट नव्या जागी उभी केली. प्रत्येक लेखाखाली आवाज ऐकायचं बटण होतं. दाबलं की काहीच व्हायचं नाही.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती ठाण्याला गेली.

काकूंनी चहा ठेवला, चष्मा लावला आणि लॅपटॉपसमोर बसल्या. त्यांनी मिठागरावर राबलेल्या रंगूबाईंचा लेख उघडला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"लिहिलेलं सगळं आहे, काकू," हेमांगी म्हणाली. "त्या लोकांचे शब्द कुठे गेलेले नाहीत. आवाज मात्र..."

"त्या लोकांचं नाही गं." काकूंनी चष्मा काढला. "मधे मधे हे विचारायचे ना, 'बरं, मग?' म्हणून. मी तेवढंच ऐकायचे. घरातले व्हिडिओ नेहमी यांनीच काढले, आणि काढताना बोलायचे नाहीत, त्यामुळे एकातही यांचा आवाज नाही."

हेमांगीला हे सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं ती साइट मिठागरांची समजत आलेली. कढत चहा तिच्या हातात तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात तिने रंगूबाईंचं गाव शोधून काढलं. कोणाकडे एखादी क्लिप राहिली असेल, एवढीच आशा. काकू म्हणाल्या, मी पण येते. दारात रंगूबाईंची सून संचिता भेटली. तिच्या जुन्या मोबाइलमध्ये एक रेकॉर्डिंग होतं, पण तो मोबाइल खाडीत पडून गेला होता.

रंगूबाई ओट्यावर बसल्या होत्या. ऐकायला कमी येत होतं. संचिताने कानाशी जाऊन सांगितलं, की ते बँकेचे साहेब यायचे, ही त्यांची बायको.

"मना याद हाय," रंगूबाई म्हणाल्या. "हितंच बसाचा. मी बोलाची, तो ऐकाचा. मधीच इचाराचा." त्यांनी मान थोडी पुढे काढली, घसा खाकरला आणि आवाज जाड करून म्हणाल्या, "बरं, मग?"

संचिता हसली. हेमांगीने चटकन मोबाइल हातात घेतला. रेकॉर्ड करून ठेवावं असं तिला वाटलं.

"असं नाही," काकू म्हणाल्या.

हेमांगीने मोबाइल खाली घेतला.

"असं ओढून नाही म्हणायचे ते. ते म्हणायचे..." काकूंनी तोंड उघडलं. "बरं, मग?" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, जरा खालच्या सुरात. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू. दर वेळी तो त्यांचाच आवाज होता.

रंगूबाईंना यातलं काही ऐकू आलं नसावं. त्या वाट पाहत होत्या, बाई पुढे काय विचारते म्हणून.

हेमांगीने मोबाइल पर्समध्ये ठेवला. "काकू, निघू या का?"

"येईल आठवून," काकू म्हणाल्या. "मला माहितीये तो आवाज. थांब जरा."

त्या खाडीकडे तोंड करून बसल्या. संचिताने पाणी आणून ठेवलं. काकूंचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता.