ओहोटीला उठणारा कुत्रा

कुत्र्याला बोटीची आठवण येते, म्हणून आपण परत बोटीवर राहायला जावं, असं ओक्ताफने रविवारी सकाळी पावाला लोणी लावता लावता जाहीर केलं. त्याची बायको गोदेलीव्ह कॉफी ओतत होती. ती अर्ध्या कपावरच थांबली.

"कोणाला आठवण येते म्हणालास?"

"रिकला."

"त्याने सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? रात्रभर त्याचं काय चाललेलं असतं, दिसत नाही का तुला?"

दिसत होतं, न दिसायला काय झालं! रिक म्हणजे बार्जवर, मालवाहू बोटीवर, पाळतात तसला छोटा, काळाभोर, बिनशेपटीचा कुत्रा. चौदा वर्षांचा झाला होता. दिवसभर चुलीपाशी घोरत पडायचा, आणि बाहेर दिवे लागले की याची फेरी सुरू. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती नखं वाजवत गोल गोल फिरायचा. फ्रिजच्या मागच्या सांदीत शिरायचा आणि मागे कसं सरायचं ते न कळून तिथेच ताटकळत राहायचा. भिंतीवर भुंकायचा. परवा तर त्याने गोदेलीव्हकडे असं पाहिलं, की ही कोण बाई आपल्या घरात शिरली!

ओक्ताफकडे याचं उत्तर तयार होतं. ते फ्रिजच्या दारावरच चिकटवलेलं होतं : भरती-ओहोटीचं वेळापत्रक. त्यांच्या बोम गावाला समुद्र नाही, पण रुपेल नदीत समुद्राचं पाणी चढतं आणि उतरतं. धक्क्याला बांधलेल्या बार्जवाल्याला रात्री ओहोटी लागली की उठून दोरखंड सैल करावे लागतात, नाहीतर बोट दोरांवर लटकायची. बोटीवर असताना हे उठवण्याचं काम रिककडे होतं. पाणी उतरायला लागलं की तो ओक्ताफच्या पांघरुणात नाक खुपसायचा.

"तो पहाऱ्यावर उठतोय, बाई," ओक्ताफ म्हणाला. "मंगळवारी ओहोटीला उठला. बुधवारीही उठला."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी भरतीला."

"म्हणजे पाणी चढो की उतरो, हा उठणारच. कप्तान, दिवसात चार वेळा पाणी वळतं. एखादी वेळ जुळणार नाही तर काय? कावळा बसायला आणि फांदी तुटायला!"

ओक्ताफ ऐकेना. त्याने चौकशीसुद्धा करून ठेवली होती. त्यांची जुनी बोट 'ग्रात्सिया' विलेब्रूकला कालव्यात उभी होती. गेंटच्या वाउटर नावाच्या एका मास्तरने ती त्यांच्याकडून घेतली होती, मालाच्या कोठाराची बैठकीची खोली केली होती, आणि आता ओल सोसत नाही म्हणून तो ती विकायला निघाला होता. हे ऐकल्यावर गोदेलीव्हला खरी भीती वाटली. तोवर तिला वाटत होतं, म्हातारा नुसता बोलतोय.

तिचा जन्म बार्जवरचा. लग्नही एका बार्जवरून दुसऱ्या बार्जवर. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील अशा खोलीत तिने बेचाळीस वर्षं संसार केला. मुलं सहा वर्षांची झाली की काठावरच्या वसतिगृहात सोडायची, आणि मग धुणं वाळत घालताना रडून घ्यायचं, कारण सुकाणूवरच्या माणसाला तिथलं दिसत नाही. आणि चार वर्षांपूर्वी हे घर मिळालं. विटांचं, चिंचोळं, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंतींत दाबलेलं, पण हलत नव्हतं. मागे पट्टीएवढी जमीन होती, तिच्यात तिने कांद्याची पात आणि वाल लावले. पहिला आठवडा ती नुसती जिन्यावरून वर-खाली करत होती. जिना आपला आहे, याचंच तिला अप्रूप होतं. हे सोडून ती कुठेही जाणार नव्हती, मग कुत्र्याला काहीही आठवो.

सोमवारी तिने रिकला उचललं आणि ओक्ताफलाही सोबत घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर इंगा तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिने रिकचे डोळे, कान, गुडघे पाहिले, लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं. मग विचारलं, "दाराशी जाऊन उभा राहतो का?"

"राहतो ना," गोदेलीव्ह म्हणाली. "उघडेपर्यंत हलत नाही."

"कुठल्या बाजूला? कडीच्या की बिजागरीच्या?"

गोदेलीव्हने डोळे मिटून स्वयंपाकघर आठवलं. "बिजागरीच्या. तिथल्या फटीत नाक घालून."

"मग तेच. दार कुठून उघडतं, हे तो विसरलाय. माणसांना म्हातारपणी विसर पडतो तसा कुत्र्यांनाही पडतो. अंधार पडला की जास्त. दिवस आणि रात्र उलटीपालटी होतात."

"बोटीची आठवण येत असेल," ओक्ताफ म्हणाला.

"अहो आजोबा, आठवण येण्याइतकं आठवत असतं, तर माझ्याकडे आणायची वेळच आली नसती."

तिने गोळ्या दिल्या. रात्री एक छोटा दिवा लावून ठेवा, संध्याकाळी जरा फिरवून आणा, टेबल-खुर्च्या जागच्या हलवू नका, ओरडू तर मुळीच नका. आणि शेवटी म्हणाली, "जागा बदलू नका. माहितीच्या जागेवरच तो तग धरून आहे."

गोदेलीव्हला वाटलं, झालं, मिटलं! पण रस्त्यावर येतो न येतो तोच ओक्ताफ खुलला. "ऐकलंस ना? माहितीची जागा! माहितीची जागा त्याला कुठली? दहा वर्षं तो बोटीवर होता. या घरात आहे चार वर्षं."

असा माणूस आपण नवरा म्हणून निवडला, याबद्दल गोदेलीव्हने स्वतःला दोन शिव्या दिल्या. मग तिथेच, केकच्या दुकानासमोर, दोघांची पैज लागली. वाउटर शनिवारी सासुरवाडीला जाणार होता, किल्ली द्यायला तयार होता. एक रात्र बोटीवर काढायची. रिक शांत झोपला, तर बोट घ्यायची. नाही झोपला, तर ओक्ताफने जन्मात पुन्हा बोटीचं नाव काढायचं नाही. गोदेलीव्ह लगेच हो म्हणाली. डॉक्टरचं बोलणं तिला समजलं होतं. आपण जिंकणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

शनिवारी दुपारी ओक्ताफने रिकला कोटात गुंडाळून फळीवरून बोटीवर नेलं. पुढचं सगळं बदललं होतं, पण मागची खोली वाउटरने हौसेने होती तशी ठेवली होती : भिंतीतल्या कपाटासारखा पलंग, पितळी दिवा, वर जाणारा अरुंद जिना. रिकला खाली ठेवलं. त्याने जमीन हुंगली, पलंगाचा पाय हुंगला. ओक्ताफ श्वास रोखून बघत होता.

"ओळखलं बघ. बघ, ओळखलं."

"धुळीचा वास घेतोय तो."

संध्याकाळ झाली आणि रिक उठला. घरी तो टेबलाभोवती फिरायचा. इथे त्याला फिरायला टेबलही सापडेना. तो पलंगाला धडकला, मग चुलीमागे अडकला. सोडवला तर जिन्याकडे गेला. कुणालाही वाटलं असतं, आता चढेल. पिल्लू असल्यापासून तो हा जिना चढत होता. पण रिक जिन्याच्या शेजारच्या भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि कण्हायला लागला. घरी तो कधी कण्हला नव्हता.

"थोडा वेळ दे त्याला," ओक्ताफ म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता. जरा वेळाने तो म्हणाला, "मी पाठ टेकतो पाच मिनिटं." आणि पलंगावर आडवा झाला.

गोदेलीव्हने कुत्र्याला मांडीवर घेतलं. त्याचं अंग थरथरत होतं. डॉक्टरने सांगितलेलं खरं करून दाखवण्यासाठी आपण या जिवाला इथे आणलं, याची तिला लाज वाटली. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कालव्यातून एक मोठी बार्ज गेली, 'ग्रात्सिया' हलली, दोर करकरले. तिने सवयीने पलंगाकडे पाहिलं. आता हा उठणार आणि दोर बघायला जाणार.

ओक्ताफ उठला नाही. तोंड उघडं टाकून तो लहान पोरासारखा झोपला होता.

ती बघतच राहिली. घरी रात्री तिला जाग यायची तेव्हा शेजारची जागा रिकामी असायची. खाली स्वयंपाकघरात पावलं वाजायची. तिला वाटायचं, कुत्र्याने याला उठवलं. चार वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नाही, की कुत्रा तर आत्ता आत्ता फिरायला लागलाय. आधी कोण फिरत होतं? आधी तिला राग आला. मग इतकं वाईट वाटलं, की तिने पलंगापाशी जाऊन त्याचं पांघरूण नीट केलं. रिक पुन्हा कण्हला, तशी ती परत खुर्चीवर येऊन बसली.

ओक्ताफ उठला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. कालव्यावर बदकं ओरडत होती. गोदेलीव्ह तशीच बसलेली, मांडीवर कुत्रा, त्याचे डोळे टक्क उघडे.

"झोपला का?"

"क्षणभरसुद्धा नाही."

ओक्ताफने मान हलवली. दिलेल्या शब्दाचा पक्का माणूस. त्याने पांघरुणाची घडी घालायला घेतली. गोदेलीव्हने फक्त मूग गिळून बसायचं होतं. घर तिचं होतं, जिना तिचा होता, पात आणि वाल तिचे होते. पण त्याची पाठ बघून तिला ते जमेना.

"कुत्रा नाही झोपला," ती म्हणाली. "तू झोपलास."

घडी घालणारे हात थांबले.

"चार वर्षांत पहिल्यांदा. खरं की नाही?"

"डुगडुगल्याशिवाय झोप लागत नाही मला," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मेल्यासारखं वाटतं तिथे. काही म्हणजे काही हलत नाही."

"मग बोलायचंस ना, गाढवा!"

"काय बोलू? बेचाळीस वर्षं तू घर मागत होतीस. ते मिळाल्यावर तुला सांगू, की मला नको?"

"म्हणून या बिचाऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस."

ओक्ताफने रिकला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि छातीशी धरलं. रिकने त्याचा गळा हुंगला. ओळखला की नाही, देव जाणे. "घरी जाऊ," ओक्ताफ म्हणाला. "याला तिथेच बरं. हा आहे तोवर हलायचं नाही."

हा आहे तोवर. त्याने ते सरळ मनाने म्हटलं, तिला ठाऊक होतं. पण शब्द तोंडातून बाहेर पडले होते, आणि दोघांनीही ऐकले होते. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याने बेचाळीस वर्षं घेतली, तिला चार मिळाली. पण ही चार त्याने जागून काढली होती.

"बरं," ती म्हणाली. "हा आहे तोवर. मग बघू."

संध्याकाळी घरी तिने दाराजवळ छोटा दिवा लावला. डॉक्टरची गोळी कलेजीच्या चटणीत लपेटली आणि रिकपुढे धरली. ओक्ताफ वर गेला होता, त्याच्या पावलांनी माडीच्या फळ्या करकरत होत्या. रिकने परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं, चटणी चाटली आणि गोळी थुंकून दिली. ती पार टेबलाखाली गेली.

गेल्या महिन्यात एकदा, रात्रभर जागल्यावर, हा सुटला तर बरं असं गोदेलीव्हच्या मनात येऊन गेलं होतं. आता ती दुखऱ्या गुडघ्यांवर बसली, टेबलाखाली चाचपडून तिने ती गोळी शोधून काढली, पुसली आणि आणखी जाड चटणीत लपेटली.

"खा रे, राजा," ती म्हणाली. "शंभर वर्षं जग."