रुमालावरून नाडी

"वैद्यराज, माझ्या आईचे सहा महिने तुम्ही गिळलेत!"

अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या हॉलमधली कुजबुज एकदम थांबली. मराठी मंडळाचे गुरुनाथकाका माईक सावरत पुढे आले. "जागृती, अगं, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत."

"शेवटी म्हणजे कुणाच्या शेवटी, काका?"

वैद्यराजांचं व्याख्यान मार्चमध्ये झालं तेच होतं, शब्दसुद्धा तेच. प्राचीन ग्रीक वैद्य म्हणत, शरीरातल्या ओल्या-कोरड्या, उष्ण-थंड सगळ्या शक्तींना समान हक्क असला की आरोग्य. एकीनंच राज्य बळकावलं की रोग. मार्चमध्ये हे ऐकून जागृती हरखली होती. कॉलेजात ती हाच इतिहास शिकत होती, आणि समता हा शब्द तर तिला घरी दुधाबरोबर पाजलेला. म्हणून नागपूरहून आलेल्या आईला, रत्नाबाईंना, तिनंच वैद्यराजांकडे ओढत नेलं. पोट फुगत होतं, जेवण जात नव्हतं.

वैद्यराजांनी नाव विचारलं. मग, "आडनाव?"

"गजभिये."

"अच्छा. जयभीमवाले." खिशातून रुमाल निघाला, रत्नाबाईंच्या मनगटावर पसरला, आणि त्यावरून दोन बोटं टेकली. रांगेत आधी असलेल्या काकूंचं पोट याच बोटांनी चांगलं दाबदाबून पाहिलं होतं. "वात आहे. ओव्याचा अर्क घ्या."

जागृतीला रुमाल दिसला होता. चारचौघांत तमाशा नको म्हणून तिनं तो अपमान गिळला. घरी येऊन हॉस्पिटलात चल म्हणाली, तर आई हसली. "एवढा शिकलेला माणूस वारा म्हणते, अन् तुले त्याच्याहून जास्त समजते का वं?"

सप्टेंबरात हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि बोलता बोलता त्या थांबल्या. बीजाशयातली कर्करोगाची गाठ पोटभर पसरली होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

"ताई, हा दैवाचा भाग," वैद्यराज स्टेजवरून म्हणाले.

"दैवाला मधे आणू नका. ज्या ग्रीकांचे दाखले देता, ते रोग्याच्या पोटावर हात ठेवायचे. आई घरी कण्हतेय. तरी म्हणते, वैद्याले दोष देऊ नको." जागृतीचा आवाज फाटला. "मी देतेय दोष. आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. तुमचा हात पोटापर्यंत यायला माझ्या आईनं कुठलं आडनाव सांगायला हवं होतं?"