तीन किल्ल्यांचे कुलूप

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी एक जुने कुलूप आहे, आणि जवळ येणाऱ्या माणसाच्या तोंडाआधी त्याचे हात पाहायची माझी सवय अजून गेलेली नाही. तुम्ही भली मुले असाल. पण ‘असाल’ एवढेच मी म्हणेन. संशय घेणे हाच माझा धंदा होता आणि तो मी मान ताठ ठेवून केला.

माझा जन्म शहाद्याच्या बाजारातला. रमजानमियां नावाच्या कारागिराने मला घडवले. साधी कुलपे ते बोलता बोलता करून टाकीत, माझ्यासाठी मात्र त्यांनी अख्खा पावसाळा खर्ची घातला. मला तीन भोके होती आणि तीन वेगवेगळ्या किल्ल्या. तिन्ही फिरल्या तरच माझी दांडी सुटणार. एकट्यादुकट्याची डाळ माझ्यापुढे शिजत नसे.

असे विचित्र कुलूप कोणाला हवे होते, असे तुम्ही विचाराल. ते हवे होते ‘नारू संशोधन फंडा’च्या पंचांना.

तुम्ही नारू पाहिलाय का? माणसाच्या पायातून दोऱ्यासारखा लांबच लांब किडा बाहेर येतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजतो आणि माणूस महिनोन्‌महिने खाटेला खिळतो. आमच्या गावात उन्हाळा आला की घरोघरी अशी काडी बांधलेले पाय दिसत. गावाबाहेर, कळसाडीच्या वाटेला एक बारव आहे, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची. सारे गाव तिचेच पाणी पीत असे.

नवल डॉक्टर गावात आले ते पेटीत सूक्ष्मदर्शक घेऊन. त्यांनी सांगितले, की नारूचा पाय बारवेत बुडतो तेव्हा नारूची पिल्ले पाण्यात सुटतात. पाण्यातले बारीक किडे त्या पिल्लांना गिळतात. ते किडे पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात आणि वर्षभराने त्याच्या पायातून नारू निघतो. त्यांना एक प्रयोग करून पाहायचा होता. बारव पूर्ण उपसायची, कळीचा चुना टाकायचा, पायऱ्यांवर लोखंडी दार बसवायचे आणि पाणी वरून कप्पीवर शेंदायचे. वर्षभराने गावात नारू निघाला नाही, तर तालुक्यातल्या साऱ्या बारवांचे असेच करायचे.

या कामासाठी फंड निघाला आणि त्याचे तीन पंच झाले. अध्यक्ष रिखबचंद शेठ, कापसाचे व्यापारी. अध्यक्ष म्हणून त्यांच्या पेढीवर मुद्दाम एक खुर्ची आणली होती. जन्मभर गादीवर मांडी घालून बसलेले शेठ त्या खुर्चीत बिचारे अगदी अवघडून बसत. दुसरे रेवजी पाटील, मोठे शेतकरी. तिसरे शकीलमियां, लाकडाचे व्यापारी आणि आमच्या रमजानमियांचे साडू. पहिल्याच बैठकीत दाराच्या किल्लीवरून जे वाजले, ते रमजानमियां मला कानशीने घासत असताना आपल्या बायकोला, साबिराला, मोठ्या चवीने सांगत.

“किल्ली अध्यक्षापाशीच ऱ्हावाले पाहिजे,” शेठ म्हणाले.

“मंग रातले तुमन्हाच गडी पानी भरतीन,” रेवजी पाटील म्हणाले.

शकीलमियां हसले. “तीन किल्ल्या करा. तिन्ही जनं येतीन तंच दार उघडी. मन्हा साडू कुलूप करी दी.”

म्हणजे माझा जन्म झाला तो तिघांचा एकमेकांवर भरवसा नव्हता म्हणून. मला त्याचे काही वाईट वाटले नाही. उलट, माणसे शहाणी आहेत असेच वाटले.

चैत्रात बारव उपसली. दार बसले होते आणि मी त्यावर उघडाच लटकत होतो. तळाशी गुडघाभर पाणी उरले, तेव्हा शेठची आई, इचरजबाई, हातात पितळी चरवी आणि पांढरे कापड घेऊन पायऱ्या उतरल्या. शेठचे घर जैन. दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय त्यांच्या घरी पाण्याचा घोट कोणी घेत नसे. आणि कापडावर जे जीव राहतील ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत पोचवायचे, हा त्यांचा नेम. तेही वरून भसकन ओतायचे नाही, जीव दुखावतात. म्हणून इचरजबाईंच्या चरवीच्या बुडाला एक पितळी कडी होती. त्या कडीला दुसरी दोरी बांधलेली. चरवी पाण्याला टेकली की ती दोरी हळूच ओढायची, म्हणजे चरवी पालथी होऊन जीव अलगद पाण्यात जात.

त्या दिवशी चुन्याने सारे जीव मरणार, म्हणून म्हातारीचा जीव कासावीस झाला होता. तिने उरलेले पाणी गाळगाळ गाळले, कापडावरचे जीव चरवीत घेतले आणि घरी नेऊन अंगणातल्या दगडी कुंडीत सांभाळले. कोणी काही विचारले नाही. अध्यक्षांच्या आईला कोण विचारणार?

ज्येष्ठाच्या तोंडाला बारवेत झऱ्यांचे नवे पाणी भरले. मोठा समारंभ झाला. तिघा पंचांनी आपापली किल्ली फिरवून मला बंद केले. धूळ जाऊ नये म्हणून रमजानमियांनी माझ्या तिन्ही भोकांत मेण दाबून भरले. मग पहिले पाणी शेंदण्याआधी इचरजबाई झाकलेली चरवी घेऊन कप्पीपाशी आल्या. चरवी हळूहळू खाली गेली आणि रिकामी होऊन वर आली. शेठ बाजूला हात जोडून उभे होते. लोकांना वाटले, पाण्याची पूजा झाली. त्यांनीही हात जोडले.

मला मात्र खटकले. पण मित्रांनो, मला त्या दिवशी काय खटकले नव्हते? पाटलांची म्हैस जवळून गेली तेही खटकले होते आणि कठड्यावर बसलेला पारवाही. ज्याला सगळेच खटकते त्याच्या खटकण्याला कोण किंमत देणार?

वर्ष सरले. पुढच्या वैशाखात एकाही पायाला काडी बांधावी लागली नाही. लोक जाता येता दाराला नमस्कार करीत. कोणी मला हळदकुंकू लावले, कोणी तेलाचे बोट फिरवले. शेठ खुर्चीत जरा सैल बसू लागले, असे मी ऐकले. तालुक्यातल्या बाकीच्या बारवांसाठी लोखंडी दारे सांगायची बोलणी सुरू झाली.

आणि ज्येष्ठात कमलीबाईच्या पायातून नारू निघाला. कमलीबाई म्हणजे गल्लीतल्या निम्म्या घरांचे पाणी भरणारी बाई. तिच्यामागून आणखी काही पाय सुजले.

मग जे सुरू झाले ते पाहून माझ्यासारख्या संशयी कुलपालाही धाप लागली. पाणी वर्षापूर्वीच बिघडले, म्हणजे कोणी तरी तेव्हाच दार उघडले, असे सगळ्यांनी धरले. रेवजी पाटील शेठच्या गड्यांवर डोळा ठेवू लागले. शेठ पाटलांच्या सालदारांची चौकशी करू लागले. कोणी कमलीबाईलाच धरले, की तूच पायऱ्या उतरली असशील. ती खाटेवरून ओरडून सांगे, “पायऱ्यास्वर पाय बी नही ठेवा मी!” शेवटी एकाच्या डोक्यात आले, की कुलूप कोणी केले? रमजानने. रमजान कोणाचा साडू? शकीलमियांचा. झाले! हे कुलूप एकाच किल्लीने उघडते आणि ती किल्ली शकीलमियांकडे आहे, ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. शकीलमियांच्या वखारीकडे गिऱ्हाईक फिरकेना. रमजानमियांच्या दुकानात कोणी साधी कुलपेही दुरुस्तीला आणेना.

मित्रांनो, मला फार राग आला. मी तीन किल्ल्यांचा होतो आणि तीन किल्ल्यांचाच राहिलो होतो. पण मला तोंड नव्हते, भोके तेवढी होती.

शेवटी पंचांची बैठक बारवेवरच भरली. अध्यक्षांची खुर्ची बैलगाडीत घालून आणली आणि कठड्याजवळ मांडली. नवल डॉक्टर उभेच होते. फंड चालू ठेवायचा की मोडायचा, याचा निकाल त्या दिवशी लागायचा होता. प्रयोग फसला असे ठरले, तर बाकीच्या बारवा जशा होत्या तशाच राहणार होत्या.

“शकीलमियां, हाई कुलपान्हा पोटमा काय शे ते तुम्हलेच ठाऊक,” पाटील म्हणाले.

शकीलमियांनी खिशातून किल्ली काढून शेठच्या पुढ्यात ठेवली. “भरोसा नही तं हाई ल्या. तुमन्हाच हातथीन उघाडी दखा.” एवढे बोलून ते दूर, बारवेच्या पलीकडच्या कठड्यावर जाऊन बसले.

शेठ किल्ली घेऊन माझ्यापाशी आले. दाराच्या कमानीच्या सावलीत ते वाकले. किल्ली आत जाईना. जोर केला तेव्हा ती कशात तरी रुतली. बाहेर काढली तर तिच्या टोकाला मेण. त्या मेणावर वर्षाची धूळ बसलेली आणि एक मुंगी चिकटून वाळलेली. शेठनी बाकीची दोन भोके पाहिली. तिथेही तेच.

“अरे, हाई तं उघडंच नही,” पाटील हळू आवाजात म्हणाले.

सगळ्यांना आठवले. रमजानमियांनी मेण भरले होते ते त्या पहिल्या दिवशी. त्यानंतर माझ्यात कोणाचीच किल्ली गेली नव्हती.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “दार उघडले नाही. चुन्यात जुना किडा वाचला नसणार. म्हणजे किडा वरूनच आत गेला. पण तो वरून टाकील कोण?”

मी शेठच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांचा रंग उतरला होता. त्यांना आठवले, हे मला कळले. त्यांच्याखेरीज कोणालाच आठवले नव्हते, कारण बाकीच्यांच्या लेखी ती पूजा होती. ‘पाखरांनी आणला असेल’ एवढे शेठ म्हणाले असते, तरी माना हलल्या असत्या, शकीलमियांची माफी मागून झाली असती आणि सगळे जेवायला घरी गेले असते. हा माणूस बोलणार नाही, याची मला खात्री होती. घरची अब्रू, आईचा धर्म, वर अध्यक्षपद. एवढे सारे कोण पणाला लावतो? पैज लावायला हात असते तर मी लावली असती.

शेठनी डोक्यावरची पगडी काढली आणि खुर्चीवर ठेवली.

“किडा वरथीन गया,” ते म्हणाले. “मन्ही मायनी चरवीमाईन. मी बाजूले उभा व्हतू, हात जोडीसन.”

पाटील घाईघाईने पुढे आले. कालपर्यंत शेठच्या गड्यांमागे हिंडणारा हा माणूस आता कुजबुजत होता, “शेठ, हाई गोट आठेच ऱ्हाऊ द्या. गावमा नका जाऊ द्या.”

“शकीलमियांनं नाव गावमा गयं ना? ते कसं परत लयसूत?” शेठ म्हणाले.

इचरजबाईंना गाडीतून आणले. कमलीबाईलाही खाटेसकट आणले, कारण आळ तिच्यावरही होता. डॉक्टरांनी म्हातारीला खाली बसवून सारे समजावले. तिच्या कुंडीतल्या जिवांत नारूची पिल्ले होती. शेठच्या घरात मात्र नारू कधीच निघाला नव्हता, तो तिच्याच कापडामुळे. ते कापड घराघरात गेले तर गाव वाचेल. पण कापडावरचे जीव बारवेत परत गेले तर गाव कधीच वाचणार नाही.

इचरजबाई म्हणाल्या, “जीव ज्या पानीना, त्याच पानीमा पोचाडना पडस. नहीतं पाप लागस.” मग त्यांची नजर कमलीबाईच्या पायाकडे गेली. काडीला गुंडाळलेला नारू पायातून अर्धा बाहेर होता. त्यांनी विचारले, “हाऊ बी जीवच शे ना?”

“शे तं,” कमलीबाई म्हणाली. “आन मी कोन शे, मायजी?”

म्हातारीने त्या पायाला हात लावला आणि तो तसाच ठेवला. मग तिने आपली चरवी मागवली. बुडाची कडी दगडाने ठोकून ठोकून काढली. तेवढ्यात पाटलांनी आणि शेठनी माझे मेण टोकरले होते. शकीलमियांना हाक मारून शेठ म्हणाले, “खुर्चीवर आते तुम्ही बसा.”

“खुर्ची तुमन्हीच ऱ्हाऊ द्या,” शकीलमियां म्हणाले. “मन्ही किल्ली तेवढी परत द्या.”

तिघांनी किल्ल्या फिरवल्या आणि माझी दांडी सुटली. इचरजबाईंनी ती पितळी कडी माझ्या दांडीत ओवली. “हाई कडी आते आठेच ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. मला पुन्हा बंद केले.

त्या दिवसापासून म्हातारी बारवेचे पाणी प्यायली नाही. तिच्यासाठी गोमाई नदीचे पाणी गाडीतून येई आणि कापडावरचे जीव नदीतच परत जात. तिचा नेम मोडला नाही आणि गावाचा पायही. शेठनी घरोघरी दुहेरी कापड वाटले. दोन ज्येष्ठ गेले, मग काडी बांधलेला पाय गावात दिसला नाही. कमलीबाई मात्र जन्मभर थोडी लंगडत चालली.

आता दहा-बारा वर्षे झाली. इचरजबाई गेल्या. बारवेच्या कडेच्या वेलींनी माझे दार झाकले आहे. माझ्या अंगावर गंज चढला आहे आणि तेलाचे बोट फिरवायला कोणी येत नाही. परवा एक माणूस मला हलवून पाहत होता. त्याची नजर माझ्यावर नव्हती, पितळेच्या कडीवर होती. मला ते लगेच कळले. हा धंदा मी अजून विसरलेलो नाही.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला एकच मागणे आहे. मला तेल नाही दिलेत तरी चालेल. मला भंगारात घातलेत तरी मी कुरकुर करणार नाही, कुलपाचा शेवट तसाच व्हायचा. घरी पाणी भराल तेव्हा हंड्याच्या तोंडाला कापड मात्र बांधा. आणि ही कडी माझ्या दांडीतून काढू नका. साऱ्या जगावर संशय घेणारा मी, माणसाबद्दल एकदाच चुकलो, आणि ते किती बरे झाले, हे मला तिच्याकडे पाहूनच आठवते.