एकोणीस वाक्यं

“दोन-तीन तास मशीन बंद राहील बाई. तेवढं चालवून घ्या,” दुरुस्तीवाला म्हणाला आणि संगणकाच्या कॅबिनेटच्या मागचे स्क्रू चाचपायला खाली वाकला.

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. वाढत्या आजारात डोळे सोडले तर त्यांच्या मर्जीने हलेल असा एकच अवयव उरला होता, उजव्या हाताचा अंगठा. त्याच्याखाली एक बटण होतं. समोरच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी होत्या आणि त्यांच्यावरून एक पिवळी पट्टी सावकाश खाली सरकायची. हव्या त्या ओळीवर पट्टी आली की बाई बटण दाबायच्या. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून पिवळी व्हायची, आणि हवं ते अक्षर आलं की पुन्हा बटण. सहा वर्षं बाई अशाच बोलत होत्या.

आत्ताही त्यांचं काहीतरी चाललं होतं. ‘जु’ उमटलं. बऱ्याच वेळाने ‘नी’.

“जुनी,” लेकीने पर्स खांद्याला अडकवताना वाचलं.

“जुनीच झालीय ना आता. म्हणून तर बदलतोय,” तो हसून म्हणाला.

पट्टी पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. तो बंद करायच्या खटक्याजवळ बोट धरून थांबला. लेकीला अकराच्या आत ग्रंथालयात कामावर पोहोचायचं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं.

“तिचं चालूच असतं हो काका. तुम्ही करा बंद. नाहीतर संध्याकाळ व्हायची.”

त्याने मशीन बंद केलं. पडदा काळा झाला. बाईंचा अंगठा आणखी दोनदा बटणावर दाबला गेला, मग थांबला.

दुरुस्तीवाल्याने बाईंचं घर कधी गिऱ्हाइकाचं घर मानलं नव्हतं. तरुणपणी तो टाइपरायटर दुरुस्त करायचा. टाइपरायटर गेले तेव्हा चाळिशीला टेकता टेकता संगणक शिकला. घरोघरी जाऊन धूळ झाडायची, पंखा बदलायचा, व्हायरस काढायचे, मेमरी वाढवायची, हे त्याचं काम. हल्ली लोक मशीन बिघडलं की नवंच आणत, त्यामुळे कामं कमी झाली होती. पण बाईंचं मशीन कोण टाकून देणार? बटणसुद्धा त्यानेच बनवलं होतं. एका जुन्या माउसचं पोट फोडून त्यातलं बटण त्याने लाकडी मुठीत बसवलं होतं, आणि बाईंच्या अंगठ्याला झेपेल इतकं हलकं होईपर्यंत चार वेळा घासलं होतं.

बोलण्याचा तो प्रोग्रॅम बाईंच्या धाकट्या भावाने कुठल्याशा छोट्या कंपनीकडून आणून दिला होता. भाऊ पुढे वारला. प्रोग्रॅमचा आवाज सपाट होता आणि त्याला ‘ळ’ म्हणता यायचा नाही. ‘वेळ झाली’ला तो ‘वेल झाली’ म्हणायचा. बाई तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या, पण भाषेच्या बाबतीतही तितक्याच काटेकोर. त्या ‘ळ’ टाळून वाक्यं जुळवायच्या. नेहमी लागणारी वाक्यं त्यांनी साठवून ठेवली होती, दोनशेच्या वर. दोनदा बटण दाबलं की अख्खं वाक्य बाहेर. ‘डावा पाय घसरलाय.’ ‘नाकावर माशी.’ डॉक्टर लेकीशीच बोलायला लागले की, ‘मी इथेच आहे. मला विचारा.’ आणि दुरुस्तीवाला दारात दिसला की, ‘आले पेचकसवाले. आता दोन दिवस बोलणं बंद.’ हे वाक्य त्यांनी खास त्याच्यासाठी साठवलं होतं. तो ते दर वेळी नवीन असल्यासारखं हसायचा.

मशीन फार हळू चालायला लागलं होतं. एका अक्षरानंतर पडदा गोठायचा आणि बाईंचा अंगठा ताटकळत राहायचा. “काहीतरी करा काका, ती कंटाळते,” असं लेकीने तीनदा सांगितलं, तेव्हा तो नवी डिस्क घेऊन आला.

काम सोपं होतं. अशी दोन-तीनशे त्याने केली असतील. लेक सकाळीच म्हणाली होती, “आईचं सगळं एकाच फोल्डरमध्ये आहे.” तो फोल्डर त्याने आधी बाजूला काढून घेतला. नवी डिस्क बसवली, संगणक चालवणारी नवी प्रणाली टाकली. जुन्या डिस्कमध्ये अजून जीव होता. ती फुकट का घालवायची, म्हणून ती पुसून साफ केली, त्याच मशीनमध्ये दुसरी म्हणून जोडली आणि लेकीने दिलेल्या पेनड्राइव्हवरचे घरचे सगळे फोटो तिच्यावर भरून टाकले. तेवढीच लेकीची एक सोय.

लेक दोन वाजता परत आली तेव्हा मशीन वीस सेकंदांत सुरू होत होतं.

“अरे वा! बघितलंस का आई?”

“आता फक्त बोलायचा प्रोग्रॅम टाकतो,” तो म्हणाला. “सीडी आहे ना?”

सीडी कपाटात होती. पण नव्या प्रणालीवर प्रोग्रॅम चालेना. काही हरकत नाही म्हणत त्याने जुनी प्रणाली पुन्हा टाकली. आता प्रोग्रॅम उघडला, आणि त्याने परवान्याची खात्री करायला कंपनीशी जोडणी मागितली. जोडणी होईना. त्याने पाकिटावरचा नंबर फिरवला. तो अस्तित्वातच नव्हता. मोबाइलवर शोधलं, तर कंपनी बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

“मग आता?” लेकीने विचारलं.

“दुसरे प्रोग्रॅम आहेत की. फुकट मिळतात. एखादा बसवतो. बाईंची वाक्यं आहेत ना आपल्याकडे, ती त्यात टाकू.”

त्याने बाजूला काढलेला फोल्डर उघडला. त्यात बाईंची पत्रं होती, औषधांची यादी होती, शाळेच्या अंकासाठी लिहिलेला एक लेख होता. वाक्यं नव्हती. ती प्रोग्रॅमने स्वतःच्याच फायलींत कुठेतरी आत ठेवलेली असणार, जुन्या डिस्कवर. ती डिस्क त्याने पुसली होती, आणि पुसून वर फोटो भरले होते.

तो खुर्चीवर बसला. बाई त्याच्याकडेच बघत होत्या.

“काका?” लेक म्हणाली. “गेली का सगळी?”

“निघतील,” तो म्हणाला. “पुसलेलंही निघतं पुष्कळदा. मी नेतो डिस्क. दोन-तीन दिवस द्या मला.”

ते तीन दिवस त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून काढले. पुसलेल्या डिस्कवरून उरलंसुरलं खरवडून काढणारे प्रोग्रॅम असतात, ते त्याने एकामागून एक लावले. हजारो तुकडे निघाले, नाव नाही, गाव नाही. एकेक उघडायचा, बघायचा, बंद करायचा. बहुतेकांत नुसती कचऱ्यासारखी चिन्हं होती. दुसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन दुकानात आली.

“काल रात्रीचाही तसाच आणलात परत,” ती म्हणाली. “असं काय गेलंय त्यात?”

“बाईंचं बोलणं गेलंय.”

“मुद्दाम केलंत का तुम्ही?”

“नाही गं.”

“मग? त्यांनी तरी सांगायचं होतं, की यात अमुक आहे, जपा म्हणून.”

तीच गोष्ट सकाळपासून त्याच्या डोक्यात घुमत होती. ‘जुनी’. पूर्वी एकदा तो बाईंना म्हणाला होता, “मशीन चांगली आहे तुमची.” तेव्हा बाईंनी पाच मिनिटं खर्ची घालून लिहिलं होतं, ‘चांगलं. मशीन ते.’ मशीनला ‘जुनी’ म्हणणाऱ्या बाई नव्हेतच त्या. जुनी होती ती डिस्क. जुनी डिस्क ठेवा, जुनी पुसू नका, जुनी मला द्या, असलंच काहीतरी पुढे यायचं होतं. आणखी दहा मिनिटं थांबला असता तर वाक्य पुरं झालं असतं. त्याला कुठे ग्रंथालयात जायचं होतं?

“जेवा आधी,” बायको म्हणाली. तो जेवला. काय जेवला ते त्याला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक तुकडा उघडला आणि त्यात सरळ मराठी दिसली. तो उभाच राहिला. वाक्यं होती. वर-खाली चिन्हांचा चिखल, मध्ये वाक्यं. त्याने मोजली. एकोणीस. पुढे रात्रीपर्यंत उरलेले सगळे तुकडे पाहिले, पण विसावं सापडलं नाही.

नवा प्रोग्रॅम बसवून त्याने ती एकोणीस वाक्यं त्यात भरली आणि बाईंना एकेक वाचून दाखवली. काही कामाची होती. ‘डावा पाय घसरलाय.’ ‘पाणी नको.’ ‘खिडकी लाव.’ काही अगदीच बिनकामाची होती. ‘रद्दीवाला आला का?’ ‘मुख्याध्यापिका आल्या तर मी झोपले आहे असं सांग.’ या मुख्याध्यापिका दोन वर्षांपूर्वी गाव सोडून गेल्या होत्या.

“बाकीची हळूहळू परत लिही हं आई,” लेक म्हणाली. “घाई नाही काही.”

पण घाई होती. नव्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षराला चारदा बटण दाबावं लागे. मागच्या वर्षीचा अंगठा असता तर जमलं असतं. आता तीन-चार अक्षरांत तो थकायचा आणि पट्टी हवी ती ओळ ओलांडून पुढे जायची. पहिल्या आठवड्यात बाईंनी एक शब्द पूर्ण केला, ‘पंखा’. लेकीने पंखा लावला. बाईंनी डोळे मिटून घेतले. बंद केला. पुन्हा मिटले. पंख्याचं काय करायचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर बाईंनी अक्षरांचा नाद सोडला आणि एकोणीस वाक्यांतच भागवायला सुरुवात केली. दुरुस्तीवाला दर रविवारी जाऊन पट्टीचा वेग आणखी कमी करून द्यायचा, तेव्हा लेक सांगायची.

“‘खिडकी लाव’ म्हणजे थंडी वाजतेय, हे मला चार दिवसांनी कळलं. खिडकी लावलेलीच होती. ‘रद्दीवाला आला का’ म्हणजे बहुतेक पेपर वाचून दाखव.”

“आणि मुख्याध्यापिका?”

“काल मामी बघायला आली होती. तासभर बसून आईसमोरच रडत होती. तेव्हा आईने ते दाबलं.”

दोघंही हसले. बाईंच्या डोळ्यांच्या कडा आक्रसल्या. त्या हसायच्या तेव्हा एवढंच व्हायचं. मग लेक स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

“बंद करा असं मीच म्हटलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही थांबला होतात.”

“खटका मी दाबला.”

“मला उशीर होत होता. पाच मिनिटं उशिरा गेले असते तर कोण काय म्हणणार होतं मला?”

पाणी पिऊन त्याने पेला विसळून जागेवर ठेवला.

पुढच्या चार महिन्यांत त्याने बटण आधी करंगळीजवळ, मग पुन्हा अंगठ्याखाली, मग मनगटापाशी हलवून पाहिलं. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा कॅमेरा उसना आणून लावला, पण उशीवर मान एका बाजूला कलायची आणि कॅमेऱ्याला डोळे सापडायचे नाहीत. एके दिवशी अंगठा दाबला गेलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एकोणीस वाक्यं पडद्यावर तशीच उभी राहिली.

मग लेकीचा फोन आला. “काका, ते मशीन घेऊन जाल का? घशातला कफ काढायचं यंत्र आणलंय, पलंगाजवळ ठेवायला जागा नाही.”

तो दुपारी गेला. बाई फार लहान दिसत होत्या. नवं यंत्र अजून खोक्यात, दाराशी होतं. त्याने एकेक वायर सोडवून गुंडाळली.

“आता कसं कळतं?” त्याने लेकीला हळूच विचारलं.

“हो असेल तर वर बघते. नाही असेल तर डोळे मिटते. मी विचारत जाते एकेक.” तिने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. “बसा जरा. मी औषध घेऊन येते खालून.”

ती गेली. त्याने पलंगाजवळ स्टूल ओढलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत तो कधी रिकाम्या हातांनी बसला नव्हता.

“बाई,” तो म्हणाला, “त्या दिवशी मी थांबायला पाहिजे होतं. तुम्ही लिहीत होतात. मला दिसत होतं.” त्याने स्टूल आणखी पुढे ओढलं. “मला माफ केलंत का?”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले.

तो वाट बघत राहिला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता. बाईंचा श्वास संथ चालू होता.

जिन्यात पावलं वाजली. लेक औषधाची पिशवी घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

“झोपली वाटतं,” ती कुजबुजली. “हल्ली अशीच मधेच झोप लागते तिला. तुमच्याशी बोलत होती का?”

“हो,” तो म्हणाला.

“मशीन उचलू का मी एका बाजूने?”

“राहू दे. बसतो थोडा वेळ.”

लेकीने पिशवी टेबलावर ठेवली, दार लोटलं आणि ती आत गेली. तो स्टुलावर तसाच बसून राहिला, बाईंच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत. चार वाजता शेजारीण बाईंपाशी बसायला आली, तेव्हा तिला जागा करून द्यायला तो उठला.