फौजदारांचा गॉगल

लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. नऊ वर्षं झाली. माणसं मला खडूस बाई म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. रविवारी मी आणि माझा धाकटा भाऊ प्रज्ञेश आमच्या वाडीतल्या केरूकाकांच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, एअरसॉफ्ट खेळवतो. दोन गट, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, आत प्लॅस्टिकचे छर्रे. छर्रा अंगावर बसला तर मुंगी चावल्यासारखं होतं. डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून एका नियमात मी घासाघीस करत नाही. मैदानात गॉगल वर गेला, की महिनाभर घरी.

मार्चमध्ये कुणीतरी पोलिसांत तक्रार केली, सड्यावर बंदूकवाले फिरतात म्हणून. खरं तर आम्ही बंदुका बॅगेत बंद करूनच वाडीतून नेतो, नळ्यांची टोकंही नारिंगी रंगवलेली आहेत. प्रज्ञेशने कायद्याची पुस्तकं पालथी घातली, पण आमच्या खेळाचं नाव त्याला कुठे सापडलं नाही. नावच नाही म्हटल्यावर जो तो आपल्या मनाने अर्थ लावणार. आता सगळं फौजदार निलेश सावंत यांच्या अहवालावर आलं होतं. तो वाईट गेला तर खेळ बंद. मुंबईची नोकरी सोडून प्रज्ञेशने यात दोन वर्षं घातली होती आणि मला त्याचीच काळजी होती.

सावंत रविवारी आले. त्यांनी मैदानाभोवतीच्या जाळ्या पाहिल्या, छऱ्याचा वेग यंत्रावर मोजून घेतला, प्रत्येकाचं संमतिपत्र वाचलं. मग म्हणाले, "मी स्वतः खेळून बघतो."

इथे आमची पोरं चुकली. फौजदारावर बंदूक कोण रोखणार? वीस जणांत एकाचाही छर्रा त्यांच्या आसपास फिरकला नाही. त्यांतला समर्थ तर झाडामागून उठून त्यांना नमस्कार करून गेला. उकाडा मरणाचा, गॉगलवर वाफ धरलेली. काजूच्या झाडाखाली सावंत थांबले आणि गॉगल कपाळावर चढवून रुमालाने तोंड पुसू लागले.

सगळ्यांनी पाहिलं. बंदुका खाली करून सगळे त्यांचं पुसून व्हायची वाट बघत राहिले.

मी शिट्टी फुंकली. "गॉगल खाली घ्या, साहेब. आणि बाहेर चला. तुम्हाला आता महिनाभर मैदान बंद."

"मॅडम, मी तपासणीला आलोय."

"डोळे तपासणीवाल्यालाही दोनच असतात."

सावंतांनी गॉगल खाली ओढला, बंदूक माझ्या हातात दिली आणि जाळीबाहेर केरूकाकांशेजारी दगडी गडग्यावर, कुंपणाच्या भिंतीवर, जाऊन बसले. थोड्या वेळाने चहाही न घेता निघून गेले.

"ताय, साहेब व्हते ते," प्रज्ञेश म्हणाला. "एकदा डोळे झाकले असतेस तर काय बिघडलं असतं?"

"कंपनीतही सगळे हेच विचारतात. आणि मग अँब्युलन्स मलाच बोलवायला सांगतात."

केरूकाका उठले. "बाय, फौजदाराला गडग्यावर बसवलंस गो. आता आपला सडा गुरांनाच."

आठ दिवस प्रज्ञेश माझ्याशी धड बोलला नाही. माझं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही, पण त्याचा पडलेला चेहरा बघवत नव्हता.

नवव्या दिवशी अहवालाची प्रत आली. प्रज्ञेशने ती उभ्यानेच वाचायला घेतली. जाळ्या, वेग, बॅगा, सगळं ठीक होतं. पुढे त्याचा आवाज बारीक झाला.

"'खेळादरम्यान एका इसमाने गॉगल काढला असता, त्याचे पद न पाहता त्यास तात्काळ बाहेर काढण्यात आले. सदर इसम म्हणजे खुद्द तपासणी अधिकारी. सबब, खेळ सुरू ठेवण्यास हरकत नाही.'"

तो मटकन खाली बसला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. सहीच्या वर पेनने एक ओळ लिहिलेली होती, ती त्याने बोट ठेवून मला दाखवली.

'उर्वरित तपासणी माझा महिना भरल्यावर करीन.'